सवाल नागपूरचा, जबाब खाडीपलीकडचा

रत्नागिरीहून परतल्यापासून जो तो मला समुद्राबद्दल विचारतो. समुद्र आहे, भरपूर आहे, आणि त्याच्याबद्दल मी पुढे सांगेनच. पण मी गेले होते परीक्षा घ्यायला आणि आले ती हरून. हरल्याचा एवढा अभिमान मला जन्मात कधी वाटला नव्हता, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही नागपूरचे काही शिक्षक मिळून धम्माची ओळख करून देणारी छोटी पुस्तकं काढतो. त्यातलं पहिलं मी लिहिलंय. त्रिशरण, पंचशील, चार आर्यसत्यं, अष्टांगिक मार्ग, त्रिपिटक म्हणजे काय, रोजच्या गाथांचा अर्थ काय, हे सगळं शाळेतल्या पोरांना कळेल अशा मराठीत. या पुस्तकावर आमची संस्था परीक्षा घेते. जो उत्तीर्ण होईल त्याला शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळतं, आणि मग त्याने आपल्या वस्तीत बौद्धाचार्य म्हणून नामकरण, लग्न, अंत्यविधी पार पाडायचे, अशी आमची पद्धत. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीआधी गुहागर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या बौद्धवाडीने परीक्षेची मागणी केली. नागपूरहून कोकण म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोक. बैठकीत सगळे छताकडे बघायला लागले. मी हात वर केला. पुस्तक माझं, ते जिथवर पोचलं तिथवर मी का नाही पोचायचं?

रत्नागिरी

कोल्हापूरपर्यंतचा रेल्वेचा आणि आंबा घाटातला एस.टी.चा प्रवास सोडून देते, कारण घाटात मी डोळे मिटून बसले होते. रत्नागिरीच्या स्टँडवर मला न्यायला वाडीचे म्हातारे पुढारी तानूआबा आले होते. अंगाने काटकुळे, डोक्याला पांढरी टोपी, पायात रबरी चपला. मी उतरले, माझी संत्र्यांची टोपली उतरली, तरी हे आपले माझ्या मागे एस.टी.च्या दाराकडेच बघत उभे.

"जयभीम, बाय. मागची मान्सां कुठं हाईत?"

"कोण माणसं? मी एकटीच आलेय."

"एकटीच?" आबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मोठ्या हिमतीच्या हाव तुमी."

बाईमाणूस एवढ्या लांब एकटी आली याचं कौतुक चाललंय असं मला वाटलं, आणि मी मान आणखी ताठ केली. मला कौतुक आवडतं, उगाच खोटं कशाला सांगू?

बाजारातून चालताना आबांनी दोनदा विचारलं, "आवाज बसला तर नाय ना?" मी म्हटलं, नाही. तरी त्यांनी एका दुकानातून खडीसाखर आणि लवंगा घेऊन माझ्या हातावर ठेवल्या. पाहुण्याला लवंगा देण्याची ही कोकणी रीत असेल, असं समजून मी चघळत राहिले. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, मग चहा. इथे आधी घसा.

रत्नागिरीची बोली कानाला फार गोड लागते. वाक्याच्या शेवटी शब्द जरासा वर उचलून सोडतात, त्यामुळे भांडण चाललंय की विचारपूस, हे माझ्यासारख्या विदर्भातल्या माणसाला पटकन कळत नाही. मासळीबाजारात एका कोळणीने मला काहीतरी सुनावलं. मी हसून मान डोलावली. आबा म्हणाले, "ती तुमाला वाटंतनं सरकायला सांगत व्हती."

जयगडची खाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी जयगडची एस.टी. पकडली. मालगुंड मागे टाकलं आणि माडांच्या मधून एकदम समुद्र दिसला. मी चाळिशी कधीच ओलांडलेली, शाळेत भूगोल शिकवणारी बाई, आणि समुद्र पाहण्याची ही पहिलीच वेळ. फळ्यावर मी त्याला निळ्या खडूने किती वेळा काढलाय! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं आणि आणखी एक लवंग पुढे केली.

जयगडहून खाडी ओलांडायला होडी. होडीवाले हसनमियां, कुवेतला बोटीवर नोकरी करून परत आलेले, डोळ्याला काळा चष्मा. त्यांनी मला हात देऊन आत घेतलं आणि आबांना विचारलं, "ह्याच काय त्या नागपूरच्या शाहीर? आमच्या मोहल्ल्यातली मान्सां पन येनार हाईत सांजचं ऐकायला."

"कोण शाहीर?" मी विचारलं.

मग होडी खाडीच्या मध्यावर असताना आबांनी जे सांगितलं, त्याने मी बसल्या जागी गार झाले. कोकणात जाखडी नावाचा नाच आहे. त्यात दोन बाजू समोरासमोर उभ्या राहतात. एका बाजूचा शाहीर गाण्यातून सवाल टाकतो, दुसऱ्याने गाण्यातूनच जबाब द्यायचा. जबाब दिला की उलटा सवाल टाकायचा हक्क त्याचा. ज्याला जबाब येणार नाही त्याची ढोलकी हरली. या सगळ्याला म्हणतात सामना. आमच्या संस्थेने निरोप धाडला होता की परीक्षक येऊन पुस्तकावर प्रश्न विचारतील. वाडीने ओळखलं की नागपूरची बाजू सामन्याला येतेय. ज्यांनी जन्मभर ज्ञानाचे प्रश्न ढोलकीवरच ऐकलेले, त्यांनी दुसरं काय समजायचं? दोन महिने तालीम चालली होती. मांडव घातला होता. आजूबाजूच्या वाड्यांना आमंत्रणं गेली होती.

"अहो, पण माझ्याजवळ छापील प्रश्नपत्रिका आहेत!" असं म्हणत मी ताडकन उभी राहिले. होडीत उभं राहायचं नसतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. होडी कलली, संत्री घरंगळली, हसनमियांनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. "बाई, सामना वाडीत करा. हितं नको," ते म्हणाले.

पलीकडे उतरताना माझा पाय चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला. पाय निघाला, चप्पल राहिली. अशी नागपूरची बाजू एका चपलेने वाडीत दाखल झाली.

वाडी

माझी उतरायची सोय सुगंधाच्या घरी होती. सुगंधा पस्तिशीच्या आसपासची, काळीसावळी, ठेंगणी. नवरा मुंबईत गोदीत. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईतच. घरी राहतात बायका, म्हातारी आणि पोरं. तिने पायावर पाणी घातलं, स्वतःच्या चपला माझ्यापुढे ठेवल्या, आणि तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, भाजलेला जवळा म्हणजे बारीक सुकी कोळंबी, असं ताट वाढलं. तांदळाची भाकरी इतकी मऊ आणि पांढरी की आमच्या ज्वारीच्या भाकरीला ती बघून लाज वाटावी. तिखटाच्या बाबतीत मात्र आम्ही पुढे. जवळा मी आधी नाकाजवळ नेला, मग डोळे मिटून तोंडात घातला, मग परत मागितला.

जेवताना मी ठरवूनच टाकलं होतं की मांडवात उभं राहून सांगायचं, गैरसमज झाला, सामना नाही, उद्या सकाळी शिस्तीत पेपर होईल. ते मी सुगंधाला बोलूनही दाखवलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"बाई, एक सांगू?" ती म्हणाली. "गेल्या साली माजी सासू गेली. सकाळचीच गेली. आमच्या वाडीत शिक्क्याचा मानूस नाय. खाडीपलीकडच्या गावातनं बौद्धाचार्य आनायचा म्हनून मान्सां धाडली, तर त्यांची होडी चुकली. सासू सकाळपासनं सांजपर्यंत अंगनात. मला सगल्या गाथा येतात, बाई. तुमच्या पुस्तकातनंच शिकलंय. आनि मी तोंड मिटून बाजूला उभी. शिक्का नाय ना माज्याकडं."

भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "मी चौथी शिकलेली. लिवायला बसलं तर ओळ सरत नाय. पन म्हनून दाखवीन. ढोलकीवर काय पन विचारा. आज तेवडीच येळ हाय माजी."

म्हणजे आबांच्या वाडीने या सामन्यासाठी आपला शाहीर म्हणून जिला उभं केलं होतं, ती हीच. जाखडीत बाईने पुढे उभं राहून गाण्याची तिकडे रीत नाही. आबांनी ती मोडली होती, कारण पुस्तक सगळ्यांत जास्त तिच्या तोंडी होतं. आता मांडवात उभं राहून मी काय सांगणार होते? भाकरी संपवली आणि पिशवीतून एक लवंग काढून तोंडात टाकली.

खळ्यातला सामना

भाताची झोडणी नुकतीच उरकली होती. खळं सारवून त्यावर माडाच्या झापांचा मांडव. दिवेलागणीला गॅसबत्त्या पेटल्या तेव्हा बसायला जागा उरली नव्हती. हसनमियां त्यांच्या घरच्या बायकांना घेऊन आले होते. शेजारच्या कुणबीवाडीतली माणसं कडेला उभी होती. आबांनी ढोलकी मांडीवर घेतली आणि तिच्यावर हात फिरवत मला हळूच म्हणाले, "माज्या बापाच्या वेळेला गावात सामना असला की आमी मांडवाच्या भायेर, लांब उभं राहून ऐकायचं. दीक्षा घेतली, देव सोडलं, देवांची गानी सोडली. ढोलकी कशी सोडायची? लय वर्सं गप पडून व्हती. मग तुमचा पुस्तक आला. आता बगा, मांडव आमचा हाय आनि भायेर उभं राहून बाकीचं ऐकतात."

मी नुसता त्यांच्या ढोलकीला हात लावला.

मी उभी राहून स्पष्ट सांगितलं की मला गाता येत नाही. ही विनयाची गोष्ट नव्हे. आमच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी मुख्याध्यापक मला नुसते ओठ हलवायला सांगत. मांडव खदखदून हसला. आबांनी निवाडा दिला, "पावनी हाय. सवाल बोलून टाकायची सूट. पन जबाब द्यायची वेळ आली तर चालीतच. तितं सूट नाय."

मी पंचशील विचारलं. सुगंधा पदर खोचून पुढे आली, आणि जो आवाज निघाला तो खाडीपलीकडे ऐकू गेला असेल. पाच शीलं पाच कडव्यांत, आणि पाठीमागे पोरीबाळी पायांत चाळ बांधून गोल फिरताहेत. चार आर्यसत्यं विचारली, आली. अष्टांगिक मार्ग विचारला, तो तर आठ पावलांच्या नाचातच बसवलेला. माझ्या पुस्तकातली वाक्यं, जी मी घरातल्या मेजावर बसून खोडून खोडून लिहिली होती, ती इथे चाळांच्या ठेक्यावर नाचत होती. काही ठिकाणी मी लांबण लावली होती. तिने ती छाटून टाकली होती, आणि बरं केलं होतं.

मग मी जरा अवघड विचारलं, त्रिपिटक म्हणजे काय. पिटक म्हणजे टोपली, एवढं मी पुस्तकात लिहिलं होतं. सुगंधाने टोपलीला पाटी केलं आणि गायला लागली:

पयली पाटी विनयाची, संघाची शिस्त भरली,
दुसरी पाटी सुत्ताची, बुद्धाची वानी भरली,
तिसरी पाटी अभिधम्माची, लय गो जड लागली,
बाईंनी ती उचलून बघून अर्ध्या वाटंत ठेवली!

मांडवात हशा पिकला, आणि सर्वांत जास्त मी हसले. कारण खरंच, अभिधम्माला मी पुस्तकात तीन ओळींत आटपलंय. ते जड आहे आणि मला नीट उचलता येत नाही, हे एवढ्या लांबच्या वाडीत चौथी शिकलेल्या बाईने बरोबर हेरलं होतं. माझं पुस्तक कोणीतरी इतकं लक्ष देऊन वाचलंय, याहून लिहिणाऱ्याला आणखी काय हवं?

मग तिची पाळी आली. आबांनी ठेका संथ केला. सुगंधा माझ्याकडे वळली. हसू गेलं होतं.

मरान आलं खाडीवरती, शिक्का ऱ्हायला नागपुरी,
गाथा व्हती माज्या ओठी, सासू थांबली अंगनी,
कुठल्या पानी, कुठल्या ओळी, कागदाची अट लिवली?
सांगा बाई, जबाब द्या, नायतर ढोलकी तुमची हरली!

वाडीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्या दिवशी अंगणात त्याही उभ्या होत्या. पुस्तक मी लिहिलंय, पानन् पान मला पाठ आहे. तशी ओळ त्यात कुठेच नाही. ती अट पुस्तकाची नव्हती, आमच्या बैठकीची होती. हे मला बोलून सांगता आलं असतं, पण इथे चालीत सांगायचं होतं. मी तोंड उघडलं, लवंगा आणि खडीसाखर सगळी त्या क्षणासाठीच होती, आणि आवाज म्हणून काही बाहेर आलंच नाही.

आबांनी ढोलकीवर शेवटची थाप मारली. "नागपूर हरला," ते म्हणाले, पण फार मायेने म्हणाले. त्यांच्याकडे हरलेल्याने जिंकलेल्याच्या ढोलकीला हार घालायचा असतो. मी झेंडूचा हार घातला. आबांनी ढोलकी वर उचलली, सुगंधाचं नाव घेऊन वाडी ओरडली, आणि त्यात माझाही आवाज होता. ओरडता मला उत्तम येतं.

दुसरी सकाळ

सकाळी पेपर झालाच. नियम होता आणि मी तो टाळू शकत नव्हते. सुगंधा आणि आणखी दोघी जणी पडवीत बसल्या. त्या दोघींना निदान पेपर लिहायची सवय करून घ्यायची होती. सुगंधाची बोटं कापणीने फुगलेली. एकेक अक्षर ती असं काढत होती, जसं कोणी दगडी पाटीवर कोरतंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण, दुसऱ्याचं अर्धं, आणि वेळ संपली. जेवढं लिहिलं होतं त्यात एक चूक नव्हती.

तिने कागद माझ्या हातात दिला तेव्हा डोळे खाली होते. "नाय जमला," ती म्हणाली.

मी रागावलेच. तिच्यावर नाही, आमच्या सगळ्यांवर. "सुगंधा," मी म्हटलं, "काल मी जबाब दिला नाही. तो माझ्याकडे उधार आहे. जिथे ती अट लिहिली गेली, तिथे जाऊन देईन."

"चालीत?" तिने विचारलं.

"चालीत."

तेव्हा ती हसली. खाडीपर्यंत ती पोचवायला आली, तेही अनवाणी, कारण तिच्या चपला माझ्या पायात होत्या. परत देऊ लागले तर घेईना. हसनमियांच्या होडीत मी या वेळी बसून राहिले, आणि वाडी माडांआड जाईपर्यंत मागे बघत राहिले. पोरी काठावर उभ्या राहून अष्टांगिक मार्ग म्हणत होत्या.

नागपूर

संस्थेच्या बैठकीत मी सुगंधाची उत्तरपत्रिका ठेवली. अध्यक्षांनी चष्मा लावून बघितली. सचिव म्हणाले, "बाई, अर्धा कागद कोरा आहे. नियमाने हिला कसं उत्तीर्ण करायचं?" बाकीचे छताकडे बघू लागले.

मी खुर्ची मागे सारून उभी राहिले, आणि गायला लागले. आधी सुगंधाचा सवाल गायला, तिच्या बोलीत, तिच्या चालीत. तो सवाल कोणी, कुठे, कुठल्या अंगणाबद्दल विचारला ते सांगितलं. आवाज अगदी कावळ्याचा. दारात चहा घेऊन आलेला माणूस तिथेच थिजला. पण मी थांबले नाही, कारण गाडीत अख्ख्या प्रवासभर घोकून मी जबाब तयार केला होता, आणि शेजारच्या प्रवाशांनी तो सहन केला होता:

पान धुंडलं, ओळ धुंडली, अट कुठेही नाही दिसली,
लिहिणारी मी, छापणारे तुम्ही, अट आपणच ही घातली,
गाथा जिच्या ओठी जिवंत, तिला कागद कशाला हवा?
हरली ढोलकी नागपूरची, उठा आता, शिक्का द्यावा!

अध्यक्ष माझ्याकडे बघत होते, आणि त्यांची बोटं टेबलावर ठेका धरून होती. त्यांना स्वतःला ते कळलं नव्हतं. मग त्यांनी सचिवांकडे नुसता हात पुढे केला, आणि सचिवांनी शिक्क्याची डबी कपाटातून काढून दिली.

प्रमाणपत्र मी माझ्या हाताने भरलं. माझं अक्षर भरभर पळतं, पण त्या दिवशी सुगंधाचं नाव मी एकेक अक्षर कोरून काढलं, तिने काढलं असतं तसं. खाली छापलेलं होतं, 'लेखी परीक्षेत उत्तीर्ण'. मी 'लेखी परीक्षेत' एवढे शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'नागपूरविरुद्धच्या सामन्यात'. अध्यक्षांनी ते वाचलं आणि त्याच्याखाली सही केली.